मिरचीवर उगाच आळ घेतला

संपादक महोदय,
उन्हाळा लागला की 'धुळीत मास्क लावा' असा सल्ला आपल्या पानावर हमखास येतो. सल्ला बरोबरच आहे. पण मास्क लावायचा कसा, हे त्यात नसतं. त्याचा भुर्दंड माझ्या डोळ्यांनी भरला, म्हणून हे पत्र.

मंगळवार पेठेत आमचं चटणीचं कांडप आणि पिठाची गिरणी आहे. होळीपासून मे अखेरपर्यंत उसंत नसते. ब्याडगी, संकेश्वरी डंकाखाली पडली की अख्ख्या गल्लीला ठसका. पूर्वी आम्ही नाकाला पदर बांधायचो. कोरोनात मास्क आला आणि तो राहिला. नाकाचा त्रास कमी झाला, ते मान्यच. डोळे मात्र चुरचुरायला लागले, संध्याकाळी तर वाळू गेल्यासारखे टोचायचे. मिरचीच्या धंद्यात डोळे झोंबले तर नवल काय, असं म्हणत मी दोन हंगाम काढले. मेडिकलमधून लाली घालवायचे थेंब आणून घालत राहिले.

शंका आली ती पावसाळ्यात. तेव्हा मिरची बंद, नुसती गहू-ज्वारी. पिठासाठी मास्क होताच, आणि चुरचुरही तीच!

राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी डोळे कोरडे पडलेत म्हटल्यावर मला हसूच आलं. दिवसभर डोळ्यांतून पाणी गळतंय आणि म्हणे कोरडे. त्यांनी समजावलं, की डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो आणि तो लवकर सुकू नये म्हणून वर तेलकट साय असते. थर सुकला की डोळा टोचतो, आणि टोचल्यावर घाबरून भसाभस पाणी सोडतो. ते पाणी टिकत नाही. मग पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं. पापणी न मिटता हा थर साधारण 10 सेकंद टिकायला हवा, माझा 4 सेकंदांत फाटला.

कारण मास्कची वरची कड. ती नाकावर सैल असली की प्रत्येक उच्छ्वास वर जातो आणि थेट डोळ्यावरून वाहतो. दोरीवरची धुणी वाऱ्याने वाळतात, तसंच. 2020 मध्ये जगभरातल्या नेत्रतज्ज्ञांच्या हे ठळकपणे लक्षात आलं. ओळखायची खूणही सोपी आहे: मास्क लावल्यावर चष्म्यावर वाफ धरत असेल, तर तीच हवा डोळ्याला लागते. माझा चष्मा तर दिवसातून वीसदा पदराने पुसला जायचा, पण त्याचा अर्थ कुणाला कळतोय!

मास्क काढू नका, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं, आणि मीही तेच म्हणते. मास्कमधली तार नाकावर दाबून बसवायची. तरी हवा निसटली तर वरच्या कडेला दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी लावायची, पण खालची पापणी ओढली जाईल इतकी घट्ट नको, नाहीतर डोळा पुरता मिटत नाही. टेबलफॅन तोंडासमोर नको. मला त्यांनी कृत्रिम अश्रूंचे थेंब दिले. मेडिकलचे थेंब बघून मात्र चांगलंच झापलं. अशा काही थेंबांत स्टिरॉइड असतं आणि न विचारता घालत राहिल्यास डोळ्यातला दाब वाढू शकतो.

माझं निभावलं. पण शिरोलीच्या फौंड्रीतले, इचलकरंजीच्या मागावरचे, रंगकाम करणारे कितीतरी जण दिवसभर नाकतोंड झाकून राबतात. आमच्या पेठेत दरवर्षी नेत्र शिबिर भरतं. तिथे नंबर आणि मोतीबिंदू एवढंच बघतात. 'काम करताना तोंडाला काय बांधता?' एवढा एक प्रश्न तिथे विचारला जावा. आणि पुढच्या उन्हाळ्यात आपण तो मास्कचा सल्ला छापाल, तेव्हा नाकावरच्या तारेचंही एक वाक्य त्यात घाला, ही विनंती.

आपली,
एक कांडपवाली,
मंगळवार पेठ, कोल्हापूर