'करिंग' आणि 'आंशिक उपयोजन' एक नव्हे

महोदय,

संगणकविषयक लेखांत 'करिंग' आणि फंक्शनचे (दिलेल्या मूल्यांवरून उत्तर काढणाऱ्या प्रोग्रामच्या तुकड्याचे) 'आंशिक उपयोजन' हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरलेले दिसतात, म्हणून हा पत्रप्रपंच. लांबी, रुंदी आणि उंची घेऊन घनफळ काढणारे फंक्शन घ्या. त्याचे करिंग केले, की लांबी दिल्यावर रुंदीची वाट पाहणारे फंक्शन हाती येते, रुंदी दिल्यावर उंचीची वाट पाहणारे, आणि उंची मिळाल्यावरच गुणाकार होतो. या रूपांतरासाठी एकही मूल्य द्यावे लागत नाही. आंशिक उपयोजनात मात्र लांबी ५ अशी पक्की केली, की उरलेली दोन मूल्ये एकदम मागणारे नवे फंक्शन मिळते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील 'पार्शल' हे फंक्शन हेच काम करते.

गोंधळाचे मूळ बहुधा हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत असावे, कारण तेथे प्रत्येक फंक्शन मुळात एकच मूल्य घेते आणि कमी मूल्ये दिली की आंशिक उपयोजन आपोआप घडते. अशा वेळी क्रमाला फार महत्त्व येते: 'डिव्ह' हे पहिल्या मूल्याला दुसऱ्याने भागून फक्त पूर्णांक भागाकार देते; 'डिव्ह १०' लिहिणाऱ्या नवशिक्याला दहाने भागणारे फंक्शन हवे असते, पण मिळते ते दहालाच भागणारे, आणि २० दिल्यावर उत्तर २ ऐवजी ० येते.

जाता जाता, 'करिंग' हे नाव तर्कशास्त्रज्ञ हास्केल करी यांच्यावरून पडले असले, तरी तर्कशास्त्रज्ञ मोझेस शोनफिंकेल यांनी १९२४च्या निबंधात ही कल्पना आधीच मांडली होती आणि खुद्द करी यांनीही तिचे श्रेय त्यांनाच दिले होते.

– एक वाचक