मुकादम अण्णा, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते

अण्णा नमस्कार, अक्कलकोट रोडकडच्या आमच्या गल्लीकडून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं म्हणून मुद्दाम उघडच लिहितेय.

नाल्याकडच्या मोकळ्या प्लॉटवर सहा वर्षं कचरा पडत होता. घरातलं खरकटं, टॉवेल कारखान्यातल्या चिंध्या, रात्री कुणीतरी ट्रॅक्टरनं आणून ओतलेला बांधकामाचा राडारोडा, मेलेली कुत्रीसुद्धा. उन्हाळ्यात ढिगाला आतूनच धूर सुटायचा. सासूबाईंना दमा, मे महिन्यात रात्रभर खिडक्या लावून बसायचो, सोलापूरच्या मे महिन्यात म्हणजे बघा की. तक्रारी किती केल्या, जिथं जावं तिथं एकच, जागा खासगी आहे, आमच्याकडं येत नाही.

सफाईचे मुकादम म्हणून तुम्ही आलात त्या दिवशी ढिगात लोखंडी गज खुपसला, थोड्या वेळानं काढला आणि म्हणालात, ताई हात लावून बघा. चटकाच बसला मला! वरून पाणी मारून उपयोग नाही, खाली ओला कचरा कुजून गॅस धरतो, ढीग उकरून पसरायला लागतो, वर माती टाकायला लागते, हे तुम्ही तिथंच उन्हात उभं राहून समजावलं. मग दोन दिवस जेसीबी चालला, राडारोडा वेगळा काढला, आणि तुम्ही जेवायला पण घरी गेला नाहीत.

खरं काम त्याच्यानंतर केलंत. चार दिवसांत परत पिशव्या दिसायला लागल्या तेव्हा तुम्ही कुणावर ओरडला नाहीत, घरोघरी विचारत फिरलात. घंटागाडी यायची अकराला, तोवर बायका विड्या द्यायला कारखान्यात गेलेल्या, माणसं यंत्रमागावर, मग घराला कुलूप लावताना पिशवी प्लॉटवर जायची. एवढी साधी गोष्ट, सहा वर्षांत कुणी विचारलीच नव्हती ओ! तुम्ही गाडी सकाळी साडेसहाला करून घेतली, पहिला आठवडाभर स्वतः गाडीबरोबर चालत आलात.

आणि एक, महानगरपालिका कायद्याच्या कलम ६३ मध्ये कचरा उचलून त्याची विल्हेवाट लावणं हे बंधनकारक काम म्हणून लिहिलंय, कुणाची मेहेरबानी नाही, हे तुम्हीच सांगितलं. त्याच दमात हेही सांगितलं की घनकचरा नियमांत उघड्यावर टाकायला, जाळायला, पुरायला आपल्यालाही मनाई आहे. दोन्ही बाजू तोंडावर सांगणारा माणूस आम्हाला पहिल्यांदा भेटला. आता ओला सुका वेगळा केल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणी डबा बाहेर आणत नाही.

सासूबाई यंदा उन्हाळाभर अंगणात झोपल्या, अण्णा. त्यांनी शेंगाचटणी कुटून ठेवलीय तुमच्यासाठी, कडक भाकरी पण बांधून देते म्हणाल्यात. घंटागाडीवाल्याबरोबर पाठवू का तुम्ही स्वतः येता?