धवलारीण आजी गेली

घणसोली गाव

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू ऑफिसच्या गडबडीत होतीस, म्हणून नीट लिहिते. आपली धवलारीण आजी गेली. गौरी-गणपती पार पडले आणि एका पहाटे झोपेतच गेली. तळवली, गोठिवली, राबाडा, पार करावे-दिवाळ्यापासून बायका आल्या. गर्दी एखाद्या नगरसेवकाच्या घरच्या मयतीला असते तेवढी, फक्त गाड्या कमी आणि लुगडी जास्त.

भजनी मंडळाने रात्रभर अभंग म्हटले. धवला मात्र कोणी म्हटला नाही, मंगलकार्यातली गाणी मयतीला कशी म्हणणार? जिने तीन पिढ्यांची लग्नं गाऊन लावली, ती तिच्या एकाही गाण्यावाचून गेली. मला ते फार लागलं.

तुला ती आठवत असेल हळदीच्या रात्री डीजेची वायर उपटणारी म्हातारी म्हणून. "आदी देव येऊ दे, मंग वाजवा तुमचा बेंजो!" मग मांडवात मांडी घालून एकेका देवाला आवतण: गावदेवीला, कार्ल्याच्या एकवीरा आईला, जेजुरीच्या खंडोबाला. उंबराची डहाळी आणायचा धवला वेगळा, हळद कांडायचा वेगळा. पूर्वी आपल्याकडे भटजीवाचून अडत नसे, धवलारणीवाचून अडे. तुला एम. ए.ला महदंबेचे धवळे होते ना, तेराव्या शतकातले? ते तू तिला कौतुकाने सांगायला गेलीस, तर म्हणाली, "ती कनच्या गावची?"

फटकळ होतीच. मानाची साडी हलकी निघाली तर वर्षभर ऐकवायची. शिकायला बसलेल्या मुलींना एवढी बोलायची की दोघी-तिघी पळाल्या. आता सगळे तिला देवमाणूस म्हणतायत, म्हणू देत.

पण तुला सांगायचंय ते वेगळंच. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी शहरात गेल्या, हे तू लहानपणापासून ऐकतेस. आजीचं खाजणातलं भातशेतही त्यात गेलं. आवणीच्या चिखलात आईमागे उभी राहून ती गाणी शिकली होती, तिथे आज सेक्टर आहे आणि खाली मोबाइलचं दुकान. जानेवारी १९८४ मध्ये शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांनी जमिनीच्या लढ्यासाठी जासईला हाक दिली तेव्हा ट्रकमधून गेलेल्या बायकांत ती होती. १६ आणि १७ तारखेच्या पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचे भूखंड आपल्या लोकांना मिळाले ते त्या रक्तावर.

भूखंड आले तशी वारसांची भांडणंही आली. कागदावर मुलगे सगळे, लेकी निम्म्या गाळलेल्या. धवल्यात मात्र वऱ्हाडाची नावं गुंफतात: ही कोणाची लेक, कोणाची भाची, कुठल्या गावी दिली. आजीला ती सगळी तोंडपाठ. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण माहेरच्या यादीतून पुसलेली बाई तिच्या गाण्यात जिवंत असायची.

तळवलीला तुझ्या मामांनी वारसांची यादी केली तेव्हा त्यात माझं नाव नव्हतं. सगळे पंच बसलेले, मी दाराआड. आजी तिथे दुसऱ्याच कामाला आली होती. यादी वाचून झाल्यावर तिने तंबाखूची चिमूट झटकली आणि म्हणाली, "न् चौथी कुठं गेली? तिची हळद मी गायलीय." कोणी काही बोललं नाही. माझं नाव लागलं. पुढे मी हक्कसोड दिली ही गोष्ट खरी, भावांशी वैर नको होतं. पण गाळलेली म्हणून गप्प बसणं निराळं आणि वारस म्हणून स्वतःच्या हाताने सही करून सोडणं निराळं. तुझ्या मोठ्या मामाने तिला नंतर कधी लग्नाला बोलावलं नाही. तिनेही विचारलं नाही.

असं तिने कितीजणींसाठी केलं, ते मला दहाव्याला खाडीवर कळलं. घाटावर एकेक बाई हळू आवाजात आपापली गोष्ट सांगत होती, आणि पुरुष पिंडाला कावळा का शिवत नाही म्हणून आभाळाकडे बघत होते.

आता काम सांगते. दादाच्या हळदीला तू मोबाइलवर तिचं रेकॉर्डिंग केलं होतंस. तिची नातसून वही घेऊन बसली आहे, तिला शिकायचंय. तिच्याकडे उंबराचा धवला आहे, देवांचं आवतण अर्धंच आहे. तुझ्याकडे पूर्ण असेल तर आजच पाठव, व्हॉट्सअॅपवर तुकडे करून नको, अख्खी फाइल पाठव. मध्येच तुझा आणि मावशीचा हसण्याचा आवाज आहे तो तसाच राहू दे, कापत बसू नकोस. मार्गशीर्षात गावात दोन लग्नं आहेत.

जेवण वेळेवर कर.

तुझी,
आई