छपाईसाठी दिलेला फोटो न विचारता कॅलेंडरवर छापल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
फोटो प्रिंटिंग लॅब, पुणे

महोदय,

जेजुरीच्या सोमवती अमावास्येला काढलेला माझा एक फोटो मी प्रदर्शनासाठी तुमच्याकडे मोठ्या आकारात छापायला दिला होता. प्रिंट उत्तम आली, बिल मी जागच्या जागी चुकते केले. तोच फोटो आता तुमच्या नव्या वर्षाच्या कॅलेंडरवर लॅबच्या बोधचिन्हासह झळकतो आहे. मला ना विचारले, ना कळवले. माझे नाव तर कुठेच नाही.

फोटो तुमचाच कशावरून, असे मला काउंटरवर विचारण्यात आले. दीपमाळेपाशी भंडारा उधळणारे आजोबा मूळ फोटोत उजवी मूठ वर करून उभे आहेत, कॅलेंडरवर डावी. तुम्ही फोटो उलटवलात, पण सदऱ्याचा खिसाही त्यामुळे उजवीकडे गेला, हे कुणाच्या ध्यानात आले नाही. असा सदरा कोणता शिंपी शिवतो? भंडाऱ्याचा हळदी पिवळा रंग भडक केशरी केला आहे आणि माझी सही असलेला कोपरा नेमका कापला आहे. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली) आणि तिच्या पुढच्या-मागच्या फ्रेम माझ्याकडे आहेत. केव्हाही दाखवीन.

फोनवर तुमचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुमचीच जाहिरात झाली की!" नावाशिवाय कसली जाहिरात? मग बिलामागच्या बारीक अक्षरांतल्या, फोटो वापरू देण्याच्या अटीकडे बोट दाखवले. त्या अटीखाली माझी सही नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे फोटोचा कर्ता तो काढणारा. हक्क सोडायचा तर सहीचा कागद लागतो (कलम १९), नुसती वापरायची परवानगीही लेखीच द्यावी लागते (कलम ३०). नाव गाळणे आणि फोटोची मोडतोड करणे यांबाबत कलम ५७ वेगळे आहेच. फोटोची नोंदणी केलेली नाही म्हणून हक्क नाही, हेही खरे नव्हे. नोंदणी सक्तीची नाही.

जाता जाता एक. तुमच्या दर्शनी काचेत लग्नाचे फोटोही लावलेले दिसतात. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोवर, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा हक्क असतो. म्हणजे फोटोग्राफरने हो म्हटले तरी भागत नाही. त्या घरांना विचारले आहे का, हे तुमचे तुम्ही बघा.

माझे म्हणणे एवढेच: कॅलेंडरचे वाटप आजच थांबवा. किती प्रती छापल्या आणि कुठे गेल्या, ते लेखी कळवा. व्यावसायिक वापराचे माझ्या नेहमीच्या दराचे बिल सोबत जोडले आहे, ते भरा. तुमच्या वेबसाइटवरूनही हा फोटो काढून टाका, माझ्या सगळ्या फाइल तुमच्या संगणकांवरून पुसा आणि लेखी माफी मागा. "सॉरी"चा मेसेज चालणार नाही.

१५ दिवसांत उत्तर आले नाही तर वकिलामार्फत नोटीस येईल. असा दावा मी राहते त्या जिल्ह्यातही लावता येतो (कलम ६२), तेव्हा साताऱ्याला खेटे घालायची तयारी ठेवा.

छपाईला टाकलेल्या बाकीच्या प्रिंट तयार असतील तर बांधून ठेवा. माझा भाऊ शनिवारी येऊन नेईल.

कळावे,
आपली जुनी ग्राहक

सोबत: छपाईच्या बिलाची प्रत, मूळ फोटो, कॅलेंडरच्या पानाचा फोटो, वापराचे बिल