रविवारची सहल आणि एक चप्पल

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी मुलांना घेऊन समुद्रावर गेलो होतो. फोनवर सांगितलं त्यातलं निम्मंच खरं. ‘मजा आली’ हे खरं, ‘सगळं नीट झालं’ हे नाही. माझी एक चप्पल समुद्राने नेली, पिशवीतले सुके कपडे चिंब झाले आणि गावातल्या भर रस्त्यातून मी एका पायात चप्पल घालून स्टँडपर्यंत आले. बाबा, हसू नका.

पोचलो तेव्हा नऊ वाजले होते, पाणी लांब होतं. मी सामानासाठी छान सपाट, गार जागा निवडली. गार का आहे, हे काही डोक्यात आलं नाही! वाळलेल्या शेवाळाची आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची रेघ माझ्या मागे दहा-बारा पावलांवर होती. तुम्ही आधी ती रेघ शोधायचात आणि तिच्याही वर चादर अंथरायला लावायचात. आम्ही कुरकुरायचो. ‘भरती आधी रांगते, मग धावते,’ हे तुमचं ठरलेलं उत्तर. खरंच, सहा तासांच्या भरतीत मधल्या दोनच तासांत जवळजवळ निम्मं पाणी चढतं. त्यात आदल्याच दिवशी पौर्णिमा झालेली, म्हणजे उधाण. माहीत सगळं होतं, बाबा. वेळेवर सुचलं नाही, एवढंच.

धाकट्याला तुमची गंमत दाखवली. ओल्या वाळूवर पाऊल दाबलं की भोवती क्षणभर कोरडं वर्तुळ उमटतं, ती. ‘वाळू घाबरली!’ म्हणून तो किंचाळला. थोरलीला मात्र कारण हवं. मग सांगितलं, की घट्ट बसलेले कण दाबामुळे एकमेकांपासून सरकतात, मधल्या फटी वाढतात आणि वरचं पाणी त्यांत उतरतं. तिने गंभीरपणे ऐकून घेतलं आणि पुढचा तासभर तीही वाळूला घाबरवत हिंडली.

आता आई, तुझ्यासाठी. हे मुलांना घेऊन पाण्यात गेले आणि मी सामानापाशी बसले. तिथे बसलं की समुद्र दिसतच नाही गं, नुसती डोकी दिसतात. एक, दोन, तीन. लाट आली की दोनच. तिसरं वर येईपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो. डोकी मोजण्याच्या नादातच तर पायाशी आलेलं पाणी कळलं नाही.

तेव्हा लक्षात आलं, आपल्या एकाही सहलीत तुला घोटाभर पाण्यात उभी पाहिलेलं मला आठवत नाही. तू आपली चपलांच्या ढिगापाशी, पदर सावरत. बोलावलं की म्हणायचीस, ‘मला नाही आवडत ते खारट पाणी.’ आम्ही ते खरं धरून चाललो. खरंच आवडत नाही का?

पुढच्या महिन्यात दोघंही या. अष्टमीच्या आसपासचा दिवस धरू, तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार वर येत नाही. बाबांच्या गुडघ्यांना भुसभुशीत वाळू झेपायची नाही, त्यांना ओल्या, घट्ट वाळूवरून हाताला धरून नेईन. तू मुलांबरोबर पाण्यात जा. चपला मी सांभाळते.

जुन्याच घालून या मात्र.

तुमची,
लेक