सूचना : 'सुलतानाज् ड्रीम' वर्गात घेण्याबाबत

सर्व शिक्षक सदस्यांना नमस्कार. येत्या शनिवारच्या बैठकीत बंगाली लेखिका रुकैया सखावत हुसेन यांच्या १९०५ सालच्या 'सुलतानाज् ड्रीम' या विज्ञानकथेवरचे उपक्रम ठरवायचे आहेत. कथा छोटी आहे, वाचूनच यावे.

उन्हाच्या उष्णतेवर चालणाऱ्या, धूर नसलेल्या स्वयंपाकघराचा उतारा मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावा. मग आपल्या घरी स्वयंपाक कोण करते, किती वेळ करते, हे त्यांनी वहीत टिपावे. कथेत कारभार स्त्रिया पाहतात आणि पुरुष मर्दान्यात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या वेगळ्या भागात, बंद असतात; अशा पुरुषाची एका दिवसाची रोजनिशी मुलामुलींनी लिहावी, हा उपक्रम मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यावरच्या चर्चेला अख्खा तास द्या, घाई नको. ढगांतून पाणी ओढणारा फुगा विज्ञानाच्या तासाला घेता येईल. प्रत्येकाने वर्गात विचारायचा एक प्रश्न लिहून आणावा.