अली, लुईस आणि वयाचा हिशेब

कोल्हापूर

प्रिय अविनाश,

तुझं पत्र मिळालं. हेवीवेट मुष्टियुद्धातल्या सर्वश्रेष्ठांच्या यादीत तू जो लुईसला मुहम्मद अलीच्या वर ठेवतोस. लुईस १९३७ ते १९४९ जगज्जेता राहिला, २५ वेळा त्याने किताब राखला आणि हेवीवेटमध्ये तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही, हे मला मान्यच आहे. पण आकड्यांवरच जायचं तर ४९ पैकी ४९ लढती जिंकणारा रॉकी मार्सियानो तुझ्या यादीत लुईसच्या खाली का? १९५१ साली मार्सियानोने ज्या लुईसला आठव्या फेरीत लोळवलं तो ३७ वर्षांचा होता, करांची थकबाकी मानेवर बसली म्हणून रिंगमध्ये परतलेला. म्हणजे वय तूही धरतोसच. मग अलीच्या बाबतीतही धर.

सैन्यभरतीला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये त्याचा किताब काढून घेतला आणि ऐन पंचविशीतली साडेतीन वर्षं त्याला रिंगबाहेर काढावी लागली. त्याआधीचा अली म्हणजे नुसते पाय! ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला त्याने तिसऱ्या फेरीत संपवलं, ती लढत लोक त्याची सर्वोत्तम म्हणून दाखवतात. मी दाखवत नाही. त्या लढतीच्या दोन वर्षं आधी पोलिसाची गोळी लागून विल्यम्सचं एक मूत्रपिंड गेलं होतं. देखणी लढत आहे, पण समोरचा माणूस अर्धा उरला होता.

माझा अली १९७० नंतरचा. परतला तेव्हा पाय पूर्वीचे राहिले नव्हते. १९७३ मध्ये केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडला, तरी गडी शेवटच्या फेरीपर्यंत उभा राहिला. पुढच्या वर्षी किन्शासाला समोर तेव्हाचा विजेता जॉर्ज फोरमन. तो २५चा, अली ३२चा. याच फोरमनने जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं होतं. अली दोरांना टेकला, ठोसे हातांवर, बरगड्यांवर घेत राहिला आणि आठव्या फेरीत त्याने दमलेल्या फोरमनला आडवं केलं. सोसण्याची ही ताकद त्याच्याजवळ आहे, हे पाय होते तोवर कुणाला कळलंच नव्हतं. त्या ताकदीने त्याला सर्वश्रेष्ठ केलं आणि तिनेच त्याचा घात केला. सरावातसुद्धा तो मुद्दाम मार खायचा.

मनिलाला १९७५ मध्ये अलीशी लढताना फ्रेझरच्या डाव्या डोळ्याला आधीपासूनच धड दिसत नव्हतं, त्यात उजवा सुजून मिटला. पंधराव्या फेरीआधी त्याचा प्रशिक्षक एडी फच याने त्याला उठू दिलं नाही. फ्रेझर चिडला होता, पण फचचा निर्णय मला त्या लढतीतल्या कुठल्याही ठोशापेक्षा मोठा वाटतो. अलीच्या कॉर्नरमध्ये असा माणूस वेळेवर पुढे आला नाही. १९७७ मध्ये शेव्हर्सशी पंधरा फेऱ्या झाल्यावर त्याचा डॉक्टर पचेको याने मूत्रपिंडांना इजा झाल्याचे अहवाल अलीला, त्याच्या बायकोला, प्रशिक्षकाला पाठवले. उत्तर आलं नाही, तेव्हा तो बाजूला झाला. १९८० मध्ये तेव्हाचा विजेता लॅरी होम्सशी लढण्याआधी मेयो क्लिनिकच्या तपासणीत नाकाला बोट लावताना अलीचा नेम किंचित चुकत होता, तरी नेवाडात परवाना मिळाला. दहा फेऱ्यांनंतर अलीचा प्रशिक्षक डंडी याने लढत थांबवली आणि जिंकलेला होम्स रडला. या लढतीवरून अलीचा दर्जा ठरवणाऱ्यांचा मला राग येतो.

फोरमन ४५व्या वर्षी विजेता झाला हा तुझा दाखला खरा, पण त्यातून वेगळंच दिसतं. १९९४ मध्ये मायकेल मूररने त्याला नऊ फेऱ्या झोडपलं होतं. दहाव्या फेरीत एक उजवा बसला आणि खेळ संपला. पाय आणि नजर आधी जातात, ठोशातला जोर सगळ्यांत शेवटी. शिवाय मधली दहा वर्षं फोरमनने मार खाल्ला नव्हता, हे तू सोयीस्करपणे गाळलंस.

माझी यादी तीच: अली, लुईस, मग फोरमन. १९७५ नंतरचा अली मी मोजत नाही. आणि सात वर्षं विजेता राहिलेला, तसा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) असलेला लॅरी होम्स तुझ्या पहिल्या पाचांत का नाही, ते सविस्तर लिही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
सुहास